‘प्रिटेंड’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थप्रवास आणि मराठ्यांच्या इतिहासातील ‘तोतया’

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावर इंग्रजीतून लिहिलेला मराठ्यांचा इतिहास मराठीतून शिकवताना काही शब्द वारंवार अडचण निर्माण करतात. ‘प्रिटेंड’ हे क्रियापद आणि त्यापासून सिद्ध झालेले ‘प्रिटेंडर’ हे नाम त्यांपैकी एक होय. शब्दकोश उघडला असता ‘प्रिटेंड’ म्हणजे सोंग करणे, बहाणा करणे, आव आणणे आणि ‘प्रिटेंडर’ म्हणजे तोतया, ढोंगी असे अर्थ सापडतात. विद्यार्थी तेच वापरतो. परिणामी अठराव्या शतकातील ‘यंग प्रिटेंडर’ हा ‘तरुण तोतया’ होऊन बसतो. वास्तविक त्या राजपुत्राची ओळख खोटी होती असे त्याच्या शत्रूंनीही कधी म्हटले नव्हते. त्याने फक्त गादीवर हक्क सांगितला होता. हक्क सांगणे आणि दुसऱ्याचे रूप घेणे या दोन वेगळ्या कृती आहेत. इंग्रजीत या दोन्हींना एकच क्रियापद कसे लागू झाले आणि मराठ्यांच्या इतिहासात या दोन कृतींची गल्लत कोठे कोठे झाली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. विषय वरकरणी भाषेचा दिसला तरी राजा खरा की खोटा हे कोणी, कोणत्या पुराव्यावर ठरवावे हा अठराव्या शतकातील महाराष्ट्राचा अत्यंत जिवंत प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

‘प्रिटेंड’चा मूळ अर्थ

हे क्रियापद लॅटिनमधील ‘प्रेटेंडेरे’ या धातूपासून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आले. ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘टेंडेरे’ म्हणजे ताणणे, पसरणे. पुढे धरणे हा त्याचा शब्दशः अर्थ. जी वस्तू पुढे धरायची ती हक्काचा कागद असू शकते, तसाच तो मुखवटाही असू शकतो. दोन्ही अर्थांची बीजे एकाच कृतीत आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फ्रेंच भाषेत ‘प्रेतांद्र’ हे क्रियापद आजही ‘दावा करणे, प्रतिपादणे’ याच अर्थाने वापरले जाते. त्यात लबाडीचा भाग असेलच असे नाही. स्पॅनिशमधील ‘प्रेतेंदेर’ तर ‘इच्छिणे, प्रयत्न करणे’ इतका निरुपद्रवी आहे. इंग्रजीने मात्र हळूहळू मुखवट्याचा अर्थ उचलून धरला.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. इ.स. १७५७ मध्ये इंग्लंडमध्ये फसवणुकीविरुद्ध जो कायदा झाला त्यात ‘फॉल्स प्रिटेन्सेस’ असा शब्दप्रयोग आहे. ‘प्रिटेन्स’ या शब्दातच खोटेपणा गृहीत असता तर ‘फॉल्स’ हे विशेषण लावण्याचे कारण नव्हते. म्हणजे पेशवाईच्या ऐन भरात इंग्रजी कायद्याच्या भाषेत हा शब्द अजून तटस्थ होता. मुलांच्या खेळातील ‘प्रिटेंड’, ज्याला मराठीत ‘खोटं-खोटं’ किंवा ‘लुटुपुटूचं’ म्हणतात, तो अर्थ तर एकोणिसाव्या शतकातला आहे. आज शाळकरी विद्यार्थ्याला सर्वांत आधी तोच शिकवला जातो, आणि इतिहासाच्या पुस्तकात जुना अर्थ भेटला की तो गोंधळतो.

वाक्यरचनेवरूनही हा भेद ओळखता येतो. ‘प्रिटेंड टू द थ्रोन’ असे म्हटले, म्हणजे ‘टू’च्या पुढे नाम आले, तर अर्थ ‘गादीवर हक्क सांगणे’ असा होतो. ‘प्रिटेंड टू बी इल’ असे म्हटले, म्हणजे पुढे क्रियापद आले, तर ‘आजारी असल्याचे भासवणे’ असा होतो. या दुसऱ्या अर्थाच्या शेजारी ‘फेन’ हे क्रियापद बसते. पण ते अधिक ग्रंथिक आहे आणि शरीराच्या वा मनाच्या अवस्थेशी अधिक जोडलेले आहे. ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याच्या कैदेत शिवाजी महाराजांनी आजाराचे जे सोंग घेतले त्याला इंग्रजीत ‘फेन’ हेच क्रियापद शोभते. त्यांच्या जागी पलंगावर निजलेल्या हिरोजी फर्जंदाच्या कृतीला मात्र ‘पर्सनेट’ म्हणावे लागेल, कारण तेथे एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीच्या जागी ठेवलेली आहे.

‘ओल्ड प्रिटेंडर’

दोन अर्थांची सांगड इंग्रजीत घट्ट बसली ती इंग्लंडच्या राजकारणामुळे. १० जून १६८८ रोजी दुसऱ्या जेम्सला पुत्र झाला. राजा कॅथलिक, आता वारसही कॅथलिक होणार, या भीतीने प्रॉटेस्टंट पक्षात अशी आवई उठली की राणीला मूल झालेच नाही, बिछाना गरम करण्याच्या झाकणीच्या भांड्यातून कोणाचे तरी अर्भक महालात आणले गेले. त्याच वर्षी जेम्सला पळ काढावा लागला. पुढे इ.स. १७०२ मध्ये पार्लमेंटने या मुलाविरुद्ध कायदा केला तेव्हा त्याचा उल्लेख ‘प्रिटेंडेड प्रिन्स ऑफ वेल्स’ असा झाला. यात दोन्ही सूचना आहेत. एक म्हणजे तो राजपुत्र म्हणवतो. दुसरी म्हणजे तो राजपुत्र नाहीच. हाच जेम्स फ्रान्सिस एडवर्ड ‘ओल्ड प्रिटेंडर’ आणि त्याचा पुत्र चार्ल्स एडवर्ड ‘यंग प्रिटेंडर’ म्हणून ओळखला जातो. पित्याच्या बाजूने १७१५ मध्ये उठाव झाला, पुत्राने १७४५ मध्ये उठाव केला आणि एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत त्याचा शेवट झाला. अर्भक बदलल्याची कथा तोवर फारशी कोणी खरी मानत नव्हते. पण शब्दाला लागलेला डाग राहिला. ज्या पक्षाचा जय झाला त्याने शब्दाचा अर्थ ठरवला, असे म्हणण्यास हरकत नसावी.

मराठीतील शब्दसंपदा

मराठीत या एका क्रियापदासाठी शब्दांची मोठी वाटणी आहे. ‘सोंग’ हा शब्द लोककलेतून आलेला असून त्यात निंदा असेलच असे नाही. दशावतारात, बोहाड्यात सोंग येते, त्याला लोक हात जोडतात. बहुरूप्याचे तर ते उपजीविकेचे साधन. ‘ढोंग’ मात्र निंद्यच. ‘आव’ आणला जातो तो स्वतःच्या योग्यतेचा. ‘बहाणा’ हा फारसीतून आलेला शब्द सबबीच्या अर्थाने. ‘मिष’ संस्कृत आणि आता केवळ ग्रंथात उरलेला. ‘बतावणी’ या शब्दाचे भाग्य विशेष. तमाशात गण-गौळणीनंतर वगाच्या आधी जी हजरजबाबी संवादांची मेजवानी असते ती बतावणी. आणि वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तेत ‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबविले’ अशी वाक्ये येतात तीही बतावणीच.

या सर्वांहून ‘तोतया’ वेगळा आहे. तो गुण सांगत नाही, अवस्था सांगत नाही. व्यक्तीच खोटी आहे असे सांगतो. यामुळे भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४१६ मधील ‘पर्सनेशन’साठी मराठी कायदेभाषेने ‘तोतयेगिरी’ हा शब्द निवडला तो अगदी नेमका. त्या कलमात दुसरी व्यक्ती असल्याचे ‘प्रिटेंड’ करून ठकवणे असा मूळ शब्द आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा कलम ३१९ मध्ये येतो. परीक्षेला दुसऱ्याच्या नावावर बसणारा उमेदवार या कलमाच्या कक्षेत येतो, हे प्राध्यापकवर्गाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

हक्क सांगणाऱ्यासाठी मराठीत ‘दावेदार’, ‘हक्कदार’, ‘वारसा सांगणारा’ असे शब्द आहेत. म्हणजे इंग्रजीने जे एकत्र केले ते मराठीने वेगळे ठेवले. पण भाषेने वेगळे ठेवलेले राजकारणाने किती वेळा एकत्र केले, हे पाहण्यासारखे आहे.

१७०७ : शाहू आणि एका ताटातील जेवण

संभाजीपुत्र शाहू १६८९ मध्ये रायगड पडल्यावर वयाच्या सातव्या वर्षी मोगलांच्या हाती लागले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मे १७०७ मध्ये आझमशहाने त्यांना मुक्त केले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. मधल्या अठरा वर्षांत स्वराज्यातील फारच थोड्यांनी त्यांना पाहिले होते. गादीवर आपल्या पुत्राला बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराबाईंनी, परत येणारी व्यक्ती शाहू नव्हेच, मोगलांनी पाठवलेला तोतया आहे, अशी भूमिका घेतली. हा आरोप निव्वळ कांगावा म्हणून सोडून देता येत नाही. सात वर्षांच्या मुलाचा चेहरा आठवून पंचवीस वर्षांचा पुरुष कोण ओळखणार? आणि मराठ्यांत फूट पाडण्यात मोगलांचा स्वार्थ उघड होता.

या शंकेचे निरसन कसे झाले, हे बखरी सांगतात. परसोजी भोसले शाहूंना येऊन मिळाले आणि त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. पंक्तिव्यवहार हा त्या समाजात कुळाचा सर्वांत कठोर निकष होता. खोट्या भोसल्याबरोबर खरा भोसले जेवणार नाही, हा त्यातील आशय. कागदोपत्री पुराव्यापेक्षा हा पुरावा सरदारांना अधिक पटला. त्यानंतर ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला गेले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. त्या दिवसानंतर तोतयाचा आरोप मागे पडला व वाद उरला तो केवळ हक्काचा. ताराबाईंनीही पुढे राज्य स्वकष्टार्जित असल्याचा मुद्दा धरला आणि कोल्हापूरची स्वतंत्र गादी उभी राहिली.

रामराजा आणि कोल्हापूरचा हक्क

कोल्हापूर परिसराच्या दृष्टीने पुढचे प्रकरण अधिक महत्त्वाचे आहे. १७१४ मध्ये राजसबाईंनी ताराबाई व त्यांचा पुत्र शिवाजी यांना कैद करून आपला पुत्र संभाजी याला गादीवर बसवले. या संभाजीराजांनी शाहूंशी दीर्घकाळ झगडा केला व अखेर १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने हद्द ठरली. वारणा आणि कृष्णा यांच्या दक्षिणेकडील मुलूख कोल्हापूरकडे आला. आजचे जयसिंगपूर ज्या भूभागावर राजर्षी शाहूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी वसवले, तो या हद्दीच्या अलीकडचा.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निपुत्रिक वारले. शिवछत्रपतींच्या वंशातील ज्ञात पुरुष म्हणून कोल्हापूरच्या संभाजीराजांचा हक्क उघड होता. राणी सकवारबाईंचा कलही त्यांच्याकडे होता. इंग्रजीतील जुन्या, निष्कलंक अर्थाने त्यांना ‘प्रिटेंडर’ म्हणावे. त्यांच्या ओळखीविषयी कोणालाही, कधीही शंका नव्हती. तरी त्यांना सातारा मिळाला नाही. मिळाला तो ज्याला कोणीच ओळखत नव्हते अशा तरुणाला.

ताराबाईंनी शाहूंच्या हयातीतच सांगितले होते की, १७२६ मध्ये पन्हाळ्याच्या कैदेत वारलेल्या आपल्या पुत्राला एक मुलगा झाला होता, जिवाच्या भीतीने तो गुप्तपणे बाहेर काढून बार्शीजवळच्या पानगाव येथे वाढवला. हाच रामराजा. जानेवारी १७५० मध्ये तो छत्रपती झाला. नातू आपल्या सल्ल्याने चालेल ही ताराबाईंची अपेक्षा होती. तो पेशव्याच्या सल्ल्याने चालू लागला. २४ नोव्हेंबर १७५० रोजी ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि तो आपला नातू नव्हे, गोंधळ्याचा पोर आहे असे जाहीर केले. दमाजी गायकवाडांच्या मदतीने पेशव्याला शह देण्याचा त्यांचा प्रयत्न १७५१ मध्ये फसला. तडजोडीनंतर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर त्यांनी शपथ घेऊन तेच पुन्हा सांगितले.

येथे इतिहासकारापुढे खरा पेच उभा राहतो. ताराबाई दोन वेळा बोलल्या. दोन्ही वेळा साक्षीदार त्या एकट्याच. पहिले विधान खरे मानावे तर दुसरी शपथ खोटी. दुसरे खरे मानावे तर एका वृद्ध राणीने साऱ्या दौलतीला फसवले. बहुतेक लेखकांनी पहिले विधान खरे आणि दुसरे रागाच्या भरातले मानले आहे. परंतु देवापुढील शपथेला त्या काळात जे मोल होते ते लक्षात घेता एवढ्या सहजपणे तिला बाजूला सारणे योग्य वाटत नाही. रामराजा खरा की खोटा हे आज सिद्ध करता येणार नाही. मात्र बाळाजी बाजीरावाने शपथ ऐकूनही निर्णय बदलला नाही, हे सिद्ध आहे. १६८८ च्या लंडनमध्ये खऱ्या राजपुत्राला खोटा ठरवून बाहेर ठेवण्यात आले, तर साताऱ्यात खुद्द आजीने खोटा ठरवलेल्याला आत ठेवण्यात आले. दोन्हीकडे ओळखीचा प्रश्न सत्तेच्या सोयीने सुटला. कोल्हापूरचे संभाजीराजे आपल्या निर्विवाद ओळखीसह १७६० मध्ये वारले.

भाऊसाहेबांचा तोतया

‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाच्या मनात कायमचा रुजला तो मात्र सदाशिवराव भाऊंच्या तोतयामुळे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊ पडले. पण जे प्रेत त्यांचे म्हणून दहन केले गेले ते शिरविरहित होते आणि अंगावरील खुणांवरून ओळखावे लागले होते. मोहिमेत बरोबर असलेल्या पार्वतीबाई वाचून परत आल्या. पतीचे निधन त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही व वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. घराघरांत माणूस गमावलेल्या समाजाला पेशवेकुटुंबातील या स्त्रीची आशा आपलीच वाटली असणार. तोतया जन्माला येण्यास एवढी भूमी पुरेशी होती.

उत्तरेत कनोजकडील सुखलाल नावाचा ब्राह्मण भाऊ म्हणून प्रकट झाला. काही ठिकाणी त्याचे नाव सुखनिधान असे येते. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून चौकशी करण्यात आली व किल्ल्यावर कैदेत ठेवण्यात आले. त्याला त्याच वेळी देहदंड का दिला गेला नाही, याचे उत्तर अनेकांनी माधवरावांच्या उदारतेत शोधले आहे. चुलतीच्या भावनेचा आदर आणि यत्किंचित शंका, ही कारणेही संभाव्य आहेत.

१७७६ मध्ये परिस्थिती पालटली. नारायणरावांचा खून झालेला, गादीवर १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेले सवाई माधवराव, कारभार बारभाईंच्या हाती, आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला खरा, पण मुंबईकर इंग्रजांना तो मनापासून मान्य नव्हता. अशा वेळी रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैदेतील तोतयाला भाऊ म्हणून बाहेर काढले. पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्याकडे गेले, फौज जमली आणि तोतया बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. एवढी माणसे भोळी होती असे मानणे कठीण आहे. ज्यांना बारभाई नकोत त्यांना भाऊ हवे होते, एवढेच. महादजी शिंद्यांच्या फौजेपुढे हे बंड टिकले नाही. पळालेला तोतया रघुजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याला पुण्याच्या स्वाधीन केले. रामशास्त्री प्रभुणे यांच्या प्रमुखत्वाखाली पुन्हा चौकशी झाली, भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या व डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. पानिपतावर स्वतः भाऊंच्या छावणीत असलेले नाना फडणीस या वेळी कारभारात होते, हे विसरता येत नाही. त्यांना साक्षीची गरज नव्हती, लोकांना होती. पुढे न. चिं. केळकरांनी या प्रसंगावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले आणि हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला.

या प्रकरणाची तुलना इंग्लंडमधील टिचबोर्न खटल्याशी करता येते. समुद्रात बुडालेला मुलगा जिवंत आहे असे मानणाऱ्या मातेने ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका अनोळखी इसमाला पुत्र म्हणून स्वीकारले. १८७१ ते १८७४ या काळात दोन खटले चालून तो खोटा ठरला व त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्याला इंग्रजी वृत्तपत्रे ‘प्रिटेंडर’ म्हणत नसून ‘क्लेमंट’ म्हणत. निकाल लागेपर्यंत तटस्थ राहण्यासाठी इंग्रजीला दुसरा शब्द शोधावा लागला, कारण ‘प्रिटेंडर’ तोपर्यंत तटस्थ उरला नव्हता. मराठी अनुवादकाने हा दाखला ध्यानात ठेवावा. रघुनाथरावांसाठी ‘दावेदार’, सुखलालसाठी ‘तोतया’ हे सरळ आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला या दोघांनाही ‘प्रिटेंडर’ म्हणता येते, मराठीत तशी मुभा नाही. रामराजासाठी मात्र कोणताच शब्द निर्धास्तपणे वापरता येत नाही.

बारभाईंनाही असाच आरोप सोसावा लागला होता. गंगाबाईंबरोबर पुरंदरावर काही गरोदर स्त्रिया ठेवल्या होत्या, मुलगी झाल्यास अदलाबदल करता यावी म्हणून, अशी वदंता ग्रँट डफने नोंदवली आहे. सवाई माधवरावांचे जन्मदात्रीपण अशा रीतीने संशयित करणे रघुनाथरावांच्या पक्षाला सोयीचे होते. त्या बालकाला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून आली आणि ती आली रामराजाकडून. तोतयाला देहदंड देणाऱ्या सरकारची वैधता ज्या छत्रपतीच्या नावावर उभी होती, त्याला जेजुरीच्या पायरीवर त्याच्याच आजीने तोतया म्हटले होते. माधवराव, नारायणराव आणि सवाई माधवराव या तीनही पेशव्यांची वस्त्रे त्याच्याच नावे दिली गेली. सुखलालच्या देहदंडानंतर वर्षभराने, डिसेंबर १७७७ मध्ये, रामराजा साताऱ्यास छत्रपती म्हणूनच वारला आणि त्याचा दत्तकपुत्र दुसरा शाहू या नावाने गादीवर बसला.